गेममधलं मटेरियल, फार्मिंग आणि अपग्रेड: सारखे विचारले जाणारे प्रश्न

लातुरात माझं कॉम्प्युटर-मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरवर निम्मी गर्दी कोचिंगच्या पोरांची. फोनची काच बदलून होईपर्यंत ती बसून राहतात आणि बोलणं गेमवर येतं. संध्याकाळी परळी, उदगीर, परभणीहून मेसेज येतात ते वेगळेच. तेच ते प्रश्न दहा-दहा वेळा आल्यावर एका वहीत लिहून ठेवले, त्यातले हे. एका उत्तरात सांगितलेलं दुसरीकडं परत सांगितलेलं नाही, फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. पोरगं दिवसभर "फार्मिंग करायलोय" म्हणतंय. रानात तर पाऊल टाकत नाही. हे फार्मिंग म्हणजे काय हो?

औशाच्या एका काकांचा प्रश्न, म्हणून पहिला मान त्यांना. गेममधली तलवार, चिलखत, अवजार जास्त दमाचं करायचं असेल तर ठरलेला माल आणून द्यावा लागतो: धातू, दगड, लाकूड, एखाद्या जनावराचं शिंग नाहीतर शेपटी. या मालाला पोरं मटेरियल म्हणतात. तो एका फेरीत पुरत नाही. त्याच गुहेत, त्याच शत्रूकडं पुन्हा पुन्हा जावं लागतं. निंदणीसारखंच आहे, एकदा करून भागत नाही. या फेऱ्यांना फार्मिंग किंवा ग्राइंड म्हणतात. काका एवढंच म्हणाले, "मग घरचं सोयाबीन कामून निंदत नाही?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

२. नवीन आहे. आधी काय अपग्रेड करू: शस्त्र, चिलखत की अवजार?

आधी बघा, तुमचं अडलंय कुठं. शत्रू मरत नाही, तुम्ही लवकर मरताय, की पुढचा धातूच निघत नाही? ज्यानं अडलंय तेच आधी.

माइनक्राफ्टमध्ये (ठोकळ्यांच्या जगात खणून माल काढायचा गेम, ठोकळ्याला तिथं ब्लॉक म्हणतात) बहुतेक वेळा अवजारानं अडतं. लाकडी पिकॅक्सनं (कुदळीनं) दगड निघतो, दगडीनं लोखंड, लोखंडीनं हिरा आणि हिऱ्याच्या पिकॅक्सनं नेदर या दुसऱ्या, आगीच्या जगातलं एन्शंट डेब्री (ज्यातून नेदराइट बनतं ते खनिज). यातली पायरी गाळली तर ब्लॉक फुटतो पण हातात काही येत नाही. लोखंडी पिकॅक्स हातात नसताना हिऱ्यावर घाव घालून तो वाया घालवणारी पोरं मी डोळ्यानं पाहिली आहेत. टिकायचा हिशेबही लक्षात ठेवा: लाकडी पिकॅक्स ५९ घाव चालतं, दगडी १३१, लोखंडी २५०, हिऱ्याचं १५६१, नेदराइटचं २०३१. म्हणजे लोखंडी आणि हिऱ्याच्या मध्ये सहा पटींची उडी आहे, आणि हिरा ते नेदराइट जेमतेम तीस टक्के वाढ. नेदराइटसाठी जीव टाकणाऱ्यांनी हे आकडे बघून मग ठरवावं.

एल्डन रिंगसारख्या राक्षसांशी लढायच्या गेममध्ये उलटं आहे, तिथं शस्त्र आधी. त्याचं उत्तर ७ व्या प्रश्नात.

३. दादा, माइनक्राफ्टमध्ये तासभर खणलं, नुसता कोळसा लागला. हिरे नेमके कुठं असतात?

बहुतेक वेळा चूक खणण्यात नसते, जुन्या व्हिडिओत असते. पूर्वी उंची ११-१२ ला हिरे शोधायचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये १.१८ आवृत्ती आली आणि जग खाली उणे ६४ पर्यंत वाढलं. आता जितकं खाली जाल तितके हिरे जास्त. उणे ५८-५९ च्या आसपास सरळ बोगदा काढा. त्याच्याही खाली बेडरॉक (तळाचा न फुटणारा दगड) आडवा येतो.

पण तिथं लाव्हा फार. उणे ५४ च्या खालच्या गुहा लाव्ह्यानं भरलेल्या असतात. पायाखालचा ब्लॉक कधी खणू नका, आणि पाण्याची बादली हाताशी असू द्या. दुकानात एका पोरानं माझ्यासमोर सात हिरे काढले, आनंदात एक पाऊल पुढं टाकलं आणि सगळं घेऊन लाव्ह्यात गेला. दोन मिनिटं स्क्रीनकडं बघतच राहिला. नंतर बादली कुठं होती म्हणून विचारलं तर घरी पेटीत.

दुसरी गोष्ट, हिरा दिसला की लगेच फोडू नका. फॉर्च्यून ३ (जास्त माल पाडणारी जादू) लावलेलं पिकॅक्स असेल तर एका हिऱ्याच्या ब्लॉकमागं सरासरी २.२ हिरे पडतात. ते नसेल तर जागा लिहून ठेवा आणि नंतर या. हिरा कुठं पळून जात नाही.

४. माइनक्राफ्टच्या पूर्ण नेदराइट चिलखताला एकूण किती माल लागतो? प्रत्येक व्हिडिओत वेगळा आकडा सांगतात.

कारण निम्मे व्हिडिओ जून २०२३ च्या आधीचे आहेत. त्या महिन्यात १.२० आली आणि टेम्प्लेट (साचा) लागायला लागलं. आताचा हिशेब असा.

आधी हिऱ्याचं चिलखत हवं: शिरस्त्राण ५, छातीचं ८, पायाचं ७, बूट ४, एकूण २४ हिरे. नंतर प्रत्येक नगाला एक नेदराइट इनगॉट (धातूची लगड). एक इनगॉट म्हणजे ४ स्क्रॅप आणि ४ सोन्याचे इनगॉट, आणि एक स्क्रॅप म्हणजे भट्टीत भाजलेलं एक एन्शंट डेब्री. चार नगांना १६ डेब्री, १६ सोनं.

वर प्रत्येक नगाला एक नेदराइट अपग्रेड टेम्प्लेट, आणि ते वापरलं की संपतं. पहिलं टेम्प्लेट नेदरमधल्या बॅस्टियन नावाच्या पडक्या किल्ल्याच्या पेटीतूनच मिळतं. मिळालं की लगेच वापरू नका, आधी त्याची नक्कल करा: ७ हिरे आणि एक नेदररॅक (नेदरमधला साधा दगड). एक सापडलं तर तीन नकला लागतील, म्हणजे आणखी २१ हिरे. सगळे मिळून ४५ हिरे. लोक डेब्री मोजतात, हिरे मोजत नाहीत आणि शेवटी तिथंच अडतात.

डेब्री शोधायची उंची १५ च्या आसपास. ते हवेला उघडं नसतं, त्यामुळं गुहेत फिरून दिसायचं नाही. स्फोटानं मात्र ते फुटत नाही, म्हणून नेदरमध्ये बेड (तिथं झोपायला गेलं की तो फुटतो) किंवा टीएनटी फोडून आजूबाजूचा दगड उडवतात आणि डेब्री तेवढं उभं राहतं. बेड फोडताना मध्ये एक ब्लॉक आडवा ठेवा, नाहीतर तुम्हीच उडाल. फॉर्च्यूनचा डेब्रीवर काही उपयोग नाही.

५. स्टारड्यू व्हॅलीत लोहाराकडं झारी दिली आणि दोन दिवस पिकांची वाढ थांबली. झारी कधी द्यायची?

हा माझा आवडता प्रश्न, कारण या शेतीच्या गेममध्ये आपल्याकडच्या माणसाला शिकवायला लागत नाही, पाऊस बघून काम ठरवायचं.

क्लिंट (तिथला लोहार) अवजार घेतो आणि दोन दिवसांनी देतो. तांब्याच्या अपग्रेडला २,००० सोनं (तिथला पैसा) आणि ५ तांब्याचे बार (वितळवून केलेल्या विटा), पोलादाला ५,०००, सोन्याला १०,०००, इरिडियमला २५,०००. बार प्रत्येक वेळी त्या-त्या धातूचे ५ (पोलादी अपग्रेडला लोखंडाचे). एका बारला ५ कच्चा धातू आणि १ कोळसा, म्हणजे एका अपग्रेडसाठी २५ धातू आणि ५ कोळसा.

सकाळी उठल्यावर टीव्हीवर उद्याचं हवामान बघा. उद्या पाऊस सांगितला तर आज पिकांना पाणी द्या आणि मग झारी क्लिंटकडं द्या. उद्याचं पाणी पाऊस देतो, परवा सकाळी ९ ला दुकान उघडलं की झारी हातात. एकाही पिकाची वाढ थांबत नाही. आणि तिथला टीव्ही खोटं बोलत नाही. आपल्याकडं हवामानाच्या भरवशावर पेरणी केलेल्यांनी याचा हेवाच करावा. हा गेम फेब्रुवारी २०१६ मध्ये आला. त्याच वर्षी एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं. इकडं घागरी घेऊन रांगेत उभं राहायचं आणि फोनवर मित्र सांगतोय, तळ्यात झारी बुडवली की भरते.

पाऊस नसेल तर दुसरा मुहूर्त म्हणजे ऋतूचा शेवट. महिना २८ दिवसांचा. ऋतू बदलला की बहुतेक पिकं तशीही मरतात, तेव्हा २८ तारखेला झारी दिली तरी चालतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सोन्याच्या झारीवर पैसे घालूच नका. शेतीची सहावी पातळी गाठली की क्वालिटी स्प्रिंकलर बनवता येतो: एक लोखंडी बार, एक सोन्याचा बार, एक रिफाइन्ड क्वार्ट्झ. एक स्प्रिंकलर आजूबाजूचे ८ चौकोन रोज भिजवतो. झारीला लागणाऱ्या त्याच ५ सोन्याच्या बारमध्ये ५ स्प्रिंकलर होतात, म्हणजे ४० चौकोन, आणि १०,००० सोनंही वाचतं. ठिबक बसवल्यावर झारी कोण हातात धरतं?

६. मग स्टारड्यूत धातू कुठून आणू? खाणीत रोज वरच्या मजल्यावरच दिवस संपतो.

लिफ्ट वापरा. दर ५ मजल्यांना ती थांबते, एकदा पोचलात की दुसऱ्या दिवशी थेट तिथं उतरता येतं. पहिल्या ४० मजल्यांत तांबं, त्याखाली ८० पर्यंत लोखंड, ८० च्या पुढं सोनं. इरिडियमसाठी वाळवंटातली स्कल केव्हर्न.

७. एल्डन रिंगमध्ये एका तलवारीला ढीगभर दगड लागतात आणि दुसरीला एकच. माझं काही चुकतंय का?

चुकत काही नाही, दोन जाती आहेत. साध्या शस्त्राला स्मिदिंग स्टोन लागतात आणि ते +२५ पर्यंत जातं. खास शस्त्राला सोंबर स्मिदिंग स्टोन लागतात आणि ते +१० ला संपतं. सोंबरचं +१० आणि साध्याचं +२५ एकाच तोलाचं समजा, आकडा बघून खास शस्त्र कमी लेखू नका.

साध्याचा हिशेब: दगड १ ते ८ नंबरचे, प्रत्येक नंबरचे आधी २, मग ४, मग ६, म्हणजे १२. आठ नंबरांचे ९६, आणि शेवटच्या पायरीला एक एन्शंट ड्रॅगन स्मिदिंग स्टोन. सोंबरला १ ते ९ नंबरचा एकेक आणि शेवटी एक सोंबर एन्शंट ड्रॅगन. दहा दगडांत काम संपतं.

यावरून काय करायचं ते उघड आहे. साधी शस्त्रं चार-चार वाढवत बसू नका, एकच धरा. सोंबर मात्र दोन-तीन करून बघायला हरकत नाही.

खाणीत फिरून ९६ दगड गोळा करायची हौस असेल तर करा, पण बेल बेअरिंग (दुकानात नवा माल आणणारी वस्तू) मिळवली की तेच दगड विकत मिळतात. बेल बेअरिंग राउंडटेबल होल्ड या ठिकाणच्या ट्विन मेडन हस्क्स नावाच्या दुकानदाराला द्यायची. पहिली राया लुकारिया क्रिस्टल टनेलमध्ये आहे. ड्रॅगनचे दगड मात्र मोजकेच, ते विचार करून खर्चा. आणखी एक: ह्यूग लोहाराकडं पोचायच्या आधी चर्च ऑफ एलेहमधल्या टेबलावर +३ पर्यंत स्वतःच करता येतं. बरेच जण ते टेबल बघून पुढं निघून जातात.

८. एकाच राक्षसाला पन्नास वेळा मारलं, हवी ती वस्तू पडत नाही. गेम मुद्दाम देत नाही का?

मॉन्स्टर हंटर खेळणाऱ्यांचं हे कायमचं दुखणं. पण जरा गणित बघू. समजा वस्तू पडायची शक्यता १०० त ३ आहे. लोकांना वाटतं ३३ फेऱ्यांत एक नक्की. तसं नसतं. ३३ फेऱ्यांनंतरही मिळालेली असण्याची शक्यता ६३ टक्केच. निम्म्या लोकांना मिळायला २३ फेऱ्या पुरतात, शंभरातल्या नव्वदांना मिळायला ७६ लागतात. पन्नास फेऱ्या करून शंभरातल्या बावीस जणांचा हात रिकामाच राहतो, त्यातले एक तुम्ही आहात. वाईट नशीब आहे, पण जगावेगळं नाही. "आता एवढ्या फेऱ्या झाल्या, पुढच्या वेळी पडणारच" असंही नाही. गेममध्ये वेगळी सोय केलेली नसेल तर प्रत्येक फेरीला तेच ३ टक्के.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे, मारायची पद्धत. मॉन्स्टर हंटरमध्ये शेपटीचा माल हवा असेल तर शेपटी तोडून ती वेगळी कोरायची. काही वस्तू अवयव फोडल्यावर, काही जिवंत पकडल्यावर जास्त मिळतात. शत्रूच्या नोंदवहीत कुठून काय मिळतं ते लिहिलेलं असतं. ते न वाचता पन्नास फेऱ्या मारणाऱ्याला मी आधी वाचायला बसवतो.

९. गेन्शिनमध्ये रेझिन संपतं, मग काय करायचं? आणि दिवस रात्री किती वाजता बदलतो?

रेझिन म्हणजे बक्षिसाचा माल घ्यायला खर्च होणारी ताकद, ती दर ८ मिनिटांना एक भरते. पूर्वी मर्यादा १६० होती, जून २०२४ मध्ये ४.७ आवृत्तीत २०० झाली. रिकाम्यापासून भरायला २६ तास ४० मिनिटं लागतात, म्हणजे दिवसातून एकदा गेम उघडला तरी रेझिन वाया जात नाही. रात्री तीनला गजर लावून उठायची गरज नाही. कोचिंगच्या पोरांनो, हे तुमच्यासाठी.

एशिया सर्व्हरचा दिवस आपल्या घड्याळात रात्री १:३० ला बदलतो. खालच्या दर्जाचे तीन तुकडे दिले की वरच्या दर्जाचा एक बनतो, म्हणून हिरवा (खालच्या दर्जाचा) माल जास्त झाला म्हणून रडू नका, तो वर चढवा. रेझिन संपल्यावर रेझिन न लागणारी कामं करा: खनिज फोडणं, त्या-त्या भागातली फुलं-फळं गोळा करणं. ती तोडल्यावर साधारण दोन दिवसांनी परत उगवतात.

१०. क्लॅश ऑफ क्लॅन्समधलं ओर सगळ्या इक्विपमेंटला थोडं थोडं घालू का?

नाही. इक्विपमेंट म्हणजे हिरोची अवजारं आणि ओर म्हणजे ती वाढवायचा माल. जे दोन नग तुम्ही रोजच्या हल्ल्यात खरोखर वापरता त्यांनाच घाला. स्टारी ओर फक्त एपिकला (वरच्या दर्जाच्या नगाला) लागतं आणि तेच सगळ्यात हळू जमतं, त्यामुळं एपिक एका वेळी एकच. रोजचा स्टार बोनस (हल्ल्यात तारे मिळवल्यावरचं बक्षीस) चुकवू नका.

११. बीजीएमआयमध्ये गन लेव्हल सातपर्यंत नेली तर डॅमेज वाढतो का?

वाढत नाही. तिथलं मटेरियल बंदुकीच्या कातड्यावर (स्किनवर, म्हणजे नुसत्या दिसण्यावर) खर्च होतं: रंग, किल मेसेज, मारल्यावरचा इफेक्ट. गोळी तीच. हौस म्हणून करा, जिंकायला म्हणून नको. फ्री फायरमध्ये मात्र गन स्किनला डॅमेज, रेंज, रीलोड असे कमी-जास्त गुण असतात, म्हणून दोन्ही गेमची पोरं एकमेकांशी भांडतात आणि दोघंही आपापल्या जागी खरी असतात.

१२. माल साठवून ठेवू की मिळेल तसा वापरू?

आपल्याकडं सोयाबीन घरात ठेवून भावाची वाट बघणारे आहेत. कधी साधतं, कधी उंदीर खातात. गेममध्ये उंदीर नाहीत, पण गेम संपतो. शेवटच्या बॉसपर्यंत जाऊनही पेटीत शेकडो दगड तसेच, आणि तलवार निम्म्यावर, असं मी स्वतः केलंय.

जो माल पुन्हा मिळतो किंवा विकत मिळतो तो लगेच वापरा. मोजका आहे तेवढा जपा (७ व्या प्रश्नातले ड्रॅगनचे दगड, ४ थ्यातलं पहिलं टेम्प्लेट). विकण्याआधी मात्र दोनदा बघा; स्टारड्यूत सुरुवातीला पैशासाठी विकलेलं तांबं पंधरा दिवसांनी क्लिंटकडूनच महाग विकत घ्यावं लागतं.

१३. एक जण म्हणतो, आयडी-पासवर्ड दे, तीनशे रुपयांत सगळं मटेरियल जमवून देतो. द्यावं का?

माझ्या मावसभावानं दिला होता. पहिले दोन दिवस खरंच माल वाढताना दिसला. तिसऱ्या दिवशी पासवर्ड बदलला, लिंक केलेला नंबर बदलला, तीन वर्षांची आयडी गेली. भावानं ओटीपीही स्वतःच त्या माणसाला वाचून दाखवला होता. बऱ्याच ऑनलाइन गेममध्ये आयडी दुसऱ्याला वापरायला देणं नियमातच बसत नाही, म्हणून तक्रार करायची म्हटलं तरी आपली बाजू लंगडी. अनलिमिटेड मटेरियलच्या मॉड एपीकेचंही (कुणीतरी बदललेलं, बाहेरून टाकायचं गेमचं ॲप) तेच. तो टाकल्यानंतर फोनच जाहिरातींनी भरला म्हणून माझ्याकडं आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक येतं.

१४. मे महिन्यात फार्मिंग करताना फोन तापतो आणि गेम अडकतो. फ्रीजमध्ये ठेवला तर?

फ्रीजमध्ये अजिबात नको. गरम फोन गारठ्यात गेला की आत दव धरतं आणि मग तो माझ्याच टेबलावर येतो. बाहेर बेचाळीस अंश असताना फोन स्वतःच वेग कमी करतो, गेम अडकतो तो त्यामुळं. कव्हर काढा, फ्रेम रेट ३० वर आणा, पंख्याखाली बसा आणि चार्जिंगला लावून खेळू नका. फुगलेल्या बॅटरीनं मागची काच उचलली गेलेले फोन उन्हाळ्यातच जास्त येतात. काच उचललेली दिसली तर खेळणं तिथंच थांबवा, फोन दाबून बसवायला जाऊ नका.

१५. लाइट गेली तर गोळा केलेलं मटेरियल जातं का?

गेमवर अवलंबून आहे. गेन्शिन, क्लॅश, बीजीएमआयचा माल त्यांच्या सर्व्हरवर असतो, मिळाला तो राहिला. एल्डन रिंग सतत आपोआप सेव्ह करतं, फारतर शेवटचे काही क्षण जातील. मेलात तरी तिथं फक्त रून (तिथला पैसा) पडतात, दगड तुमच्याजवळच राहतात.

कॉम्प्युटरवरची स्टारड्यू सगळ्यात निर्दयी. ती झोपल्यावरच सेव्ह होते. खाणीतून पोतंभर लोखंड घेऊन रात्री अकराला वर आलात आणि लाइट गेली, तर अख्खा दिवस गेला, लोखंडासकट. डेस्कटॉपवर खेळत असाल आणि बाहेर वारं सुटलं असेल तर सरळ घरी जाऊन झोपा. मोबाईलवर मधूनच सेव्हची सोय आहे.

माइनक्राफ्टमध्ये लाइट गेली तर शेवटच्या सेव्हपर्यंत मागं जाल. पण मरून सामान पडलेलं असताना गेली तर घाबरू नका. पडलेलं सामान ५ मिनिटांनी नाहीसं होतं हे खरं, पण ती मिनिटं तो भाग चालू असतानाच मोजली जातात. गेम बंद असताना घड्याळही बंद. परळीच्या एका पोरानं मला घाईत फोन केला होता, "दादा, लाइट यायला दोन तास लागतेत, माझी हिऱ्याची पिकॅक्स गेली की!" रात्री लाइट आल्यावर त्यानं गेम उघडला, पळत गेला, सामान तिथंच पडलेलं होतं. लाव्ह्यात पडलं असतं तर मात्र नेदराइटचं तेवढं वाचलं असतं, हिऱ्याचं नाही.